एकच पोरगी, चार फायली

परभणी जिल्ह्याचा एका बाबतीत राज्यात पहिला नंबर आलाय, पण अभिनंदनाचं बॅनर कुणी लावलं नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथल्या 20 ते 24 वयाच्या 48 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत उरकलेलं निघालं. राज्याचा आकडा 22च्या आसपास. खेड्यात बालविवाह रोखायची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकाची. त्याला खबर लागत नाही असं कसं म्हणावं? पत्रिका येते, मांडवात टॉवेल-टोपीही होते.

मग लग्नाची एवढी घाई कशाला? ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. पोराला जोडीदारीण मिळाली की मुकादमाची उचल मिळते. तिचं वय मुकादम विचारत नाही.

ही पोरगी सतराव्या वर्षी बाळंतपणाला आली, की दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं: बाललैंगिक अत्याचाराचा कायदा, म्हणजे पोक्सो, पहिली फाईल. नवऱ्यानं मारलं, की संरक्षण अधिकारी: दुसरी. घराबाहेर काढलं, की सखी वन स्टॉप सेंटर: तिसरी. खावटीसाठी कोर्ट: चौथी. पोरगी एकच, पण फायलींची एकमेकींशी ओळख नाही. ती करून द्यायला समन्वय समितीची बैठक भरते. तिथं मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम होतं आणि पुढची तारीख ठरते.

खरा समन्वय करते ती पोरगीच. कडेवर लेकरू, पिशवीत आधारची झेरॉक्स, पालमहून एसटीनं परभणी. प्रत्येक टेबलावर कहाणी पहिल्यापासून: कधी मारलं, कशानं मारलं, आणि हमखास, ‘तू काय केलं होतंस?’ कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005च्या कायद्यानुसार अर्जावर पहिली सुनावणी साधारण 3 दिवसांत व्हावी आणि 60 दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. कायद्यानं प्रयत्नच म्हटलंय, आणि प्रयत्न चालूच आहेत.

दानशूर मंडळी 8 मार्चला शिलाई मशीन देतात. हात मोडलेल्या बाईनं ते कसं चालवायचं, हा प्रश्न फोटोत येत नाही. तिच्यासोबत ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात जाणाऱ्या कार्यकर्तीच्या पगाराचाही फोटो निघत नाही, म्हणून त्याला देणगीदारही मिळत नाही. वास्तविक ही कल्पना जुनी आहे. 1984मध्येच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्त्या बसवून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष काढला होता. पोलिसांच्या छताखाली, पण पोलीस नसलेलं माणूस, एवढं साधं.

देणगीदारांनी एखाद्या वर्षी शाल-श्रीफळ वाचवून तालुक्याला अशी एक बाई पगारावर द्यावी. आणि वेगवेगळ्या खात्यांचा मेळ बसणं अवघड असतं, हे साहेबांनी आम्हाला सांगू नये. बैठकीच्या चहा-समोशाचं बिल आजवर कोणत्याही खात्यात अडकल्याचं ऐकिवात नाही.