साडेआठ ते सव्वानऊ

लंडनमध्ये शाळेसमोर घर असणं हे भाग्याचं समजतात. मुलं त्या शाळेत जात असतील तोवर ते खरंही आहे. आमची दोघं कॉलेजात गेली आणि मग कौन्सिलने आमच्या गल्लीची ‘स्कूल स्ट्रीट’ केली. सकाळी शाळा भरताना साडेआठ ते सव्वानऊ आणि दुपारी सुटताना तीन ते चार, मोटारींना प्रवेश बंद.

ही कल्पना इटलीतल्या बोल्झानोची, १९८९ सालची. कोविडच्या काळात लंडनमध्ये ती अशी फोफावली की आता शहरात अशा पाचशेहून जास्त गल्ल्या आहेत. काही ठिकाणी माणसं उभी राहून रस्ता अडवतात. आमच्याकडे कॅमेरा आहे. माणसाला निदान ‘अहो, दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणता येतं.

गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे. लाल वर्तुळात खाली मोटार आणि तिच्या डोक्यावर मोटारसायकल. पुण्याहून आलेला माझा मेव्हणा भाड्याची गाडी घेऊन पावणेनऊला सरळ आत आला. “भाऊजी, मोटारीवरून बाईक उडवायला बंदी आहे ना? मी कुठे उडवली?” पाटीचा याहून तर्कशुद्ध अर्थ मी आजवर ऐकलेला नाही. कौन्सिलला तो पटला नाही. दंड १६० पौंड, चौदा दिवसांत भरला तर निम्मा. त्याने मनातल्या मनात रुपये केले आणि त्या दिवशी जेवताना तो गप्पच होता. अर्धा दंड वाचवल्याचं समाधान मात्र तो अजून सांगतो, जणू ऐंशी पौंड त्याने कमावलेच.

आम्हा रहिवाशांना परवाना मिळतो. पाहुण्यांना नाही, प्लंबरलाही नाही. स्वयंपाकघरात पाणी घोट्यापर्यंत आलं तरी प्लंबर पलीकडच्या रस्त्यावर गाडीत सँडविच खात चार वाजायची वाट पाहतो.

आमच्या समोरच्या इंग्रज आजोबांनी या योजनेला कडाडून विरोध केला होता. आता शाळेच्या सुट्ट्यांच्या तारखा मुख्याध्यापकांआधी त्यांना पाठ असतात. सकाळी ते कोपऱ्यावर उभे राहून वळू पाहणाऱ्या गाड्यांना काठी दाखवतात. कौन्सिलचं उत्पन्न बुडवणं हा त्यांचा निषेध. मुलांना वाटतं, आजोबा आपल्यासाठीच उभे आहेत.

खरं सांगायचं तर गल्ली सुधारली आहे. पूर्वी आई-बाप इंजिन चालू ठेवून दोन्ही बाजूंना गाड्या लावायचे आणि आमचं फाटक त्यांच्या सोयीने उघडायचं. आता त्याच रस्त्याच्या मधोमध पोरं स्कूटर ढकलत जातात. गाड्या मात्र नाहीशा झालेल्या नाहीत, मागच्या गल्लीत गेल्या. तिथे आमचे एक कोल्हापूरकर मित्र राहतात. हल्ली ते गणपतीलासुद्धा तिरकं बोलतात.

बायकोने या सगळ्यातून तिचा फायदा काढला आहे. तिच्या ओळखीत एक कुटुंब आहे, चहाला येतं आणि रात्रीचं जेवूनच उठतं. परवा त्यांचा फोन आला तेव्हा ती अत्यंत गोड आवाजात म्हणाली, “या ना! गाडी घेऊनच या. बरोबर सव्वातीनला.”