झाकली मूठ दोन अब्जांची

अमेरिकेत डेन्व्हर शहराच्या वेशीवर लष्कराचा ‘रॉकी माउंटन आर्सेनल’ हा कारखाना १९४२ साली उभा राहिला. आधी मस्टर्ड वायू, मग सरीन, दोन्ही युद्धातली विषं. रिकामी जागा पडून कशाला राहावी, म्हणून भाड्याने शेल कंपनीची कीटकनाशकं. सांडपाण्याच्या तळ्यांत उतरलेली बदकं परत उडेनात, तेव्हा लष्कराने सभ्य तोडगा काढला: साडेतीन किलोमीटरहून खोल भोक पाडायचं आणि ते पाणी थेट पाताळात सोडायचं. १९६२ मध्ये पंप सुरू झाला आणि डेन्व्हरला भूकंपाचे धक्के बसू लागले. डेव्हिड इव्हान्स या भूवैज्ञानिकाने पंपाचे आणि धक्क्यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडून दाखवले. १९६६ मध्ये पंप बंद झाला. सगळ्यांत मोठे धक्के मात्र १९६७ मध्ये बसले. शेषनागाकडे फाइल उशिरा पोहोचली असावी.

पुढे साफसफाई निघाली. २.१ अब्ज डॉलर खर्चून २०१० मध्ये ती ‘पूर्ण’ झाली. म्हणजे काय, तर बरीचशी घाण तिथेच गोळा करून पुरली आणि वर झाकण घातलं. सव्वा लाखात मूठ झाकायचे दिवस गेले.

हे झाकण बघण्यासारखं आहे. वर गवत, खाली माती आणि मातीखाली फोडलेल्या काँक्रीटचा थर. हा बंदोबस्त कुणासाठी? प्रेअरी डॉगसाठी. खारीच्या कुळातला हा फूटभर लांबीचा प्राणी बिळं खणत-खणत नको तिथे पोहोचेल, ही धास्ती. जर्मनी-जपानला पुरून उरलेलं सैन्य आता, स्वतःच पुरलेलं उरावं म्हणून, बिळवाल्यांसमोर तटबंदी करून बसलं आहे.

आजूबाजूची जमीन अभयारण्य झाली. १९८६ मध्ये तिथे राष्ट्रचिन्हावरचे गरुड मुक्कामाला आढळले, १९९२ मध्ये अभयारण्याचा कायदा झाला, २००७ मध्ये बायसन आणून सोडले. मधल्या काळात, २००० साली, भंगाराच्या ढिगात सरीनचे पपनसाएवढे बॉम्ब सापडले. हिशेबात कुठेतरी हातचा राहिला होता. माणसांनाही प्रवेश आहे, पण घर बांधायचं नाही, शेती करायची नाही, भूजल प्यायचं नाही. मासा गळाला लागला तर त्याची विचारपूस करून पाण्यात परत सोडायचा.

झाकणांसह सुमारे हजार एकर जमीन लष्कराकडेच आहे. भूजल उपसून शुद्ध करणं चालूच आहे. झाकण अजून झाकण आहे ना, याची दर पाच वर्षांनी तपासणी होते. प्रेअरी डॉगांची बाजू मात्र हे सदर छापायला जाईपर्यंत समजू शकली नाही.