नाझरसाहेबांचा ताळा

परवा आमगावला एका लग्नाच्या पंगतीत जिलबीचा पहिला घास मी तोंडात घालतो न घालतो तोच समोरच्या ओळीतून खणखणीत आवाजात प्रश्न आला, "काय गुरुजी, ताळा पाहिला का?" माझ्या शेजारच्या वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांना हा प्रश्न देण्याघेण्याच्या हिशेबाविषयी असावा असे वाटून त्यांचा हात जागच्या जागी थबकला, आणि वधूचे मामा तर वाढपातले मठ्ठ्याचे भांडे खाली ठेवून चौकशीला धावले. मी मात्र ओशाळलो तो निराळ्याच कारणाने. आठ दिवसांपूर्वी मी माझ्या संगणकासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम डाउनलोड करून घेतली होती, ती बातमी नाझरसाहेबांना कोठून तरी लागली होती, आणि ताळा मी खरोखरच पाहिला नव्हता.

नाझरसाहेब आपल्यालाही ठाऊक आहेतच. आपल्या गावी ते कदाचित निवृत्त पोस्टमास्तर असतील, कदाचित सायन्सचे मास्तर असतील. परंतु आपला संगणक सुरू होईनासा झाला की पायांतल्या वहाणा न काढता जे थेट यंत्रापाशी येतात, आपल्या घरच्या कोणत्याही वस्तूवर ज्यांचा विश्वास नसतो, आणि ज्यांच्या झोळीत आपल्या आजारावरची सीडी आजार होण्यापूर्वीच तयार असते, तेच हे. आमचे नाझरसाहेब सारा जन्म कोर्टाच्या नाझरखात्यात होते. मुद्देमालाच्या मोहोरा तपासण्यात, बजावण्यांच्या नोंदी ताडण्यात आणि आलेली वस्तू पाठविलेलीच वस्तू आहे की काय याची खातरजमा करण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्या मनुष्याला निवृत्तीनंतर एकाएकी कळले, की संगणकाच्या दुनियेतही लाखेच्या मोहोरेसारखी एक चीज आहे, तिला चेकसम म्हणतात, आणि तिची तपासणी कोणीही करीत नाही. त्या दिवशी त्यांना दुसरी नोकरी लागली असे समजावे. पगार तेवढा नव्हता.

चेकसम या शब्दाला त्यांनी लगोलग 'ताळा' हा आपल्या अंकलिपीतला शब्द लावून दिला. शाळेत गुणाकार केल्यावर आपण ताळा पाहत असू, तसाच हा. मूळ कंपनी आपल्या फाइलीवर एक गणित चालवून त्याचे उत्तर जाहीर करते. आपण उतरवून घेतलेल्या फाइलीवर तेच गणित आपल्या घरी चालवावयाचे आणि दोन्ही उत्तरे अक्षर न् अक्षर जुळवून पाहावयाची. एमडी५ नावाच्या जुन्या रीतीचे उत्तर ३२ अक्षरांचे. आणि गंमत अशी, की सातशे एमबीच्या फाइलीतला एक कण जरी बदलला तरी ही ३२ अक्षरे ओळखू येऊ नयेत इतकी पालटतात. नाझरसाहेब कंपनीचे उत्तर आधी निळ्या शाईने वहीत उतरवीत, आपले लाल शाईने खाली लिहीत आणि मग प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवीत, जप केल्यासारखे मिळवून घेत. यंत्र स्वतःच मिळवून देते असे मी एकदा सुचविले, तेव्हा त्यांनी आरोपीनेच पंचनामा करावा असे सुचविणाऱ्या वकिलाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले.

या ताळ्यापायी त्यांनी काय सोसले ते आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. त्या काळी आमच्याकडे २५६ केबीपीएसचे कनेक्शन होते, आणि रात्री दोन ते सकाळी आठ एवढाच वेळ डाउनलोड मोफत असे. नाझरसाहेबांनी त्रैराशिक मांडून काढले, की सातशे एमबीची सीडी उतरण्यास सहा तास बावीस मिनिटे लागतात, म्हणजे मोफत मुदतीहून बरोबर बावीस मिनिटे अधिक. त्या बावीस मिनिटांसाठी ते दुसरी रात्र जागत. त्यात पहाटे पाचला भारनियमनाने वीज गेली, की राइस मिलचा भोंगा, रेल्वेची शिट्टी आणि नाझरसाहेबांचा निःश्वास हे तीनच आवाज आमच्या गोंदियात ऐकू येत. तिसऱ्या दिवशी फाइल पूर्ण व्हावी आणि ताळा जुळू नये! दुसरा कोणी असता तर "चालून जाईल" म्हणाला असता. नाझरसाहेब ती फाइल नष्ट करीत, वहीत 'नामंजूर' असा शेरा मारीत आणि पुन्हा दोनचा गजर लावून झोपत.

त्यांचा स्वभावच तसा पडला. गंज बाजारात तांदळाचे कट्टे उतरताना ते व्यापाऱ्यास विचारीत, "ताळा पाहिला का?" मुलीच्या पत्रिकेचे छत्तीस गुण जुळले म्हणून पेढे घेऊन आलेल्या शेजाऱ्यास पेढा हातात घेऊन विचारीत, "दुसऱ्या ज्योतिषाकडून ताळा पाहिला का?" उबुंटूवाले २००५ पासून २०११ पर्यंत मागेल त्याला सीडी पोस्टाने घरपोच फुकट देत असत, परदेशी तिकिटांचे ते पाकीट घेऊन पोस्टमन दारी आला, म्हणजे त्याला चहा पाजून त्याच्यादेखत ते पाकीट उघडीत आणि खुद्द कंपनीने छापलेल्या सीडीचाही ताळा काढीत. सी-डॅकने २००७ साली बॉस नावाची देशी लिनक्स बाहेर काढली आणि तिच्यात मराठीही आली, याचा त्यांना विलक्षण अभिमान. परंतु अभिमानाचाही ताळा आधी पाहिला.

आमच्या गल्लीतला मोबाइल दुकानाचा पोऱ्या एकदा रडवेला होऊन त्यांच्याकडे आला. "काका, सीडीत फाइल टाकली, पण पीसी तर बूटच नाही होऊन राहिला." नाझरसाहेबांनी सीडी उघडून पाहिली तर आत एकटी आयएसओ फाइल जशीच्या तशी बसलेली. "बाबा," ते म्हणाले, "पार्सल न सोडता तू कपाटात ठेवलेस. आयएसओ म्हणजे सबंध सीडीचा बांधलेला गठ्ठा. तो गठ्ठा म्हणून ठेवायचा नसतो, सोडून ज्याच्या त्याच्या खणात लावायचा असतो. बर्न इमेज म्हणतात ते यालाच." मग सीडीवर १७ क्रमांकाच्या खणात यंत्राला वाट दाखविणारी चिठ्ठी कशी असते, ती नसली तर यंत्र दाराशी येऊन परत कसे फिरते, आणि ही रीत १९९५ साली फिनिक्स व आयबीएम या कंपन्यांनी घालून देताना तिचे नाव 'एल टोरिटो' असे, कॅलिफोर्नियातल्या एका खाणावळीवरून, कसे ठेवले, हे सारे त्यांनी त्याला उभ्यानेच ऐकविले. "हीच मसलत गोंदियाच्या स्टेशनाबाहेर झाली असती," ते खिन्नपणे म्हणाले, "तर साऱ्या जगाच्या सीड्या आज तर्रीपोह्याच्या नावाने चालल्या असत्या." सीडी त्यांनी नवी करून दिली, तीही चारच्या सावकाश वेगाने. घाईने जाळलेली सीडी आणि घाईने घेतलेली जबानी, दोन्ही वरच्या कोर्टात टिकत नाहीत, असे त्यांचे मत.

मात्र एकदा त्यांच्यावर खरा आघात झाला. २००४ साली शियाओयुन वांग नावाच्या चिनी विदुषीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन निराळ्या मजकुरांचा एमडी५ ताळा एकच येऊ शकतो असे दाखवून दिले होते. ही वार्ता नाझरसाहेबांपर्यंत काही वर्षांनी पोहोचली. सरकारी मोहोर बाजारात करून मिळते असे कळल्यावर जुन्या नाझराची जी अवस्था व्हावी ती त्यांची झाली. दोन दिवस ते जेवले नाहीत, असे वहिनी सांगतात. तिसऱ्या दिवशी ६४ अक्षरांची नवी रीत, एसएचए-२५६, त्यांना सापडली, आणि त्यांनी जुन्या साऱ्या सीड्या काढून दुप्पट अक्षरांनी पुनश्च हरिओम केला. वहिनींचे हाल दुप्पट झाले.

हे सारे मी चारचौघांत हसून सांगत असे. २०१४ च्या पावसाळ्यापर्यंत सांगत होतो. त्या वर्षी ८ एप्रिलला विंडोज एक्सपीचा कारभार कंपनीने आवरता घेतला होता. मी हट्टाने तीच चालवीत होतो, आणि एके रात्री माझ्या यंत्राच्या पोटातून पाल चुकचुकावी तसा आवाज येऊन पडदा काळा झाला. आत माझ्या आईची छायाचित्रे होती. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. छायाचित्रांची दुसरी प्रत मी कोठेही ठेवली नव्हती, हे नाझरसाहेबांना सांगताना माझी मान वर होईना.

ते काही बोलले नाहीत. 'ताळा' हा शब्दही उच्चारला नाही. आतल्या डिस्कवर काहीही न लिहिता नुसत्या सीडीवरून यंत्र चालू करता येते, ती जिवंत सीडी त्यांनी झोळीतून काढली, माझ्या खुर्चीवर बसले, आणि मला झोपावयास धाडले. पहाटे उठून पाहतो तो ते तसेच बसलेले. पुढे वही, आणि निळ्या-लाल अक्षरांच्या ओळींवर ओळी. एकेक छायाचित्र उतरवून घेऊन त्यांनी प्रत मुळाशी ताडून पाहिली होती.

"नग अकराशे बारा," ते म्हणाले. "अकराशे अकरा जुळले. एक जुळत नाही." आणि चष्मा काढून, जणू तो त्यांचाच अपराध असावा अशा स्वरात पुढे म्हणाले, "तीनदा वाचून पाहिले. दर खेपेस निराळे उत्तर देते. उलटतपासणीत फुटलेल्या साक्षीदारासारखे."

ते छायाचित्र त्यांनी उघडले. अंगणात धान वाळत घातले आहे, आई पायाने ते पसरीत आहे, आणि तिच्या पावलांखालून एक करडा पट्टा सबंध चित्राच्या कडेपर्यंत गेला आहे. पाऊल आणि धान, दोन्ही त्यात बुडाली आहेत. वरचा भाग स्वच्छ होता. ऊन डोळ्यांवर आले म्हणून ती कपाळावर हात धरी, तसा तिने धरला होता.

"दिसते आहे," नाझरसाहेब म्हणाले, "पण हे मूळचेच आहे असे मी लिहून देणार नाही."

"तीच आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, लाल शाईची लेखणी झाकून ठेवली, निळी उघडली आणि वहीच्या शेवटच्या रकान्यात सावकाश लिहिले: 'मालकाने ओळख पटविली. माल ताब्यात दिला.' मग वही माझ्याकडे वळवून त्यांनी त्या ओळीखाली बोट ठेवले, आणि मी सही केली.