योना आणि अमरावतीची एसटी

उरलेल्या महाराष्ट्रात शाळा उघडतात जूनच्या मध्याला, विदर्भात त्यानंतर. २०२५ मध्ये त्यांच्या १६ जूनला उघडल्या, आमच्या २३ला. कारण ऊन. लोकांना वाटतं, विदर्भातल्या पोरांची चंगळ आहे. चंगळ कसली! पुण्याच्या पोराची धडकी पहिल्याच सोमवारी उरकते. आमच्या नेरच्या पोराला तीच धडकी आठवडाभर टीव्हीवर बघावी लागते. फुगे, गुलाबाची फुलं, भोकाड पसरलेली पहिलीची मुलं, आणि खाली पट्टी : ‘शाळा गजबजल्या’.

त्याच आठवड्यात माझ्या भाचीचं पोट दुखायला लागलं. सातवीपर्यंत ती नेरमध्येच शिकली, आठवीला यवतमाळच्या शाळेत नाव घातलेलं. मुलींना एसटीचा पास फुकट, त्यामुळे ‘परवडत नाही’ हे कारण आधीच बाद. उरलं पोट.

आमच्या घरी पोटदुखीवर आधी प्रार्थना आणि मग ओवा. माझी आई यवतमाळची. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ ते १९८३ यवतमाळात होती, आणि त्या काळात गावातल्या कुत्र्यांनाही थोडंफार ग्रीक कळायचं, अशी आईची समजूत आहे. सेमिनरी पुण्याला गेली. आईचं बायबल इथेच राहिलं. ते घेऊन ती भाचीसमोर बसली.

“मोशेले पाय. थो बी भेला होता. म्हने मले बोलता येत नाही, जीभ जड हाये.”

“मंग?”

“मंग काय? देवानं त्याचा भाऊ अहरोन देल्ला संगं.”

भाचीने कॉलेजात जाणाऱ्या दादाकडे पाहिलं. “मंग याले पाठवा माह्यासंगं. हजेरी हा देईन.” दादाला एकदम बाहेर काम निघालं.

आई मग बारा वर्षांच्या येशूवर आली. तो यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता, त्यांना प्रश्न विचारत होता, आणि मायबाप तीन दिवस शोधत होते. भाचीने तेवढंच धरलं. “तीन दिवस घरी नाही गेला अन् कोनी मारलं नाही?” यावर आईकडेही उत्तर नव्हतं. मी शिक्षक आहे. एखादं पोरगं मला सलग तीन दिवस प्रश्न विचारायला लागलं, तर चौथ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकीन. पण हे मी बोललो नाही.

मी साहित्याच्या बाजूने शिरलो. म्हटलं, रेव्हरंड टिळक, म्हणजे नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. प्रार्थनेला आपण त्यांची भजनं म्हणतो, आणि त्यांच्याच कविता मराठीच्या पुस्तकांतून किती पिढ्यांनी पाठ केल्या. म्हणजे शाळेत आपलं माणूस आहे की नाही?

“मंग आपल्याले पाठ कराची काय गरज?”

शेवटी, मी डोळ्यांनी खुणावत असतानाही, आईने योना काढला. देवाने सांगितलं निनवेला जा. हा याफोला जाऊन तार्शीशच्या जहाजात बसला, नेमका उलट दिशेला. मग तुफान, मग मासा, मग माशाच्या पोटात तीन दिवस. पळून उपयोग नसतो हे आईला सांगायचं होतं. भाचीने ऐकला फक्त प्रवासाचा भाग. त्यात नेरची अडचण अशी की यवतमाळ–अमरावती रस्ता गावातूनच जातो. निनवेची गाडी आणि तार्शीशची गाडी एकाच स्टँडवर लागते.

२३ तारखेला सकाळी भाची मुकाट्याने अमरावतीच्या गाडीत चढली. कंडक्टरने पास पाहिला. “हा यवतमाळचा हाये वं बाई. उतर खाली.” माशाने तीन दिवस घेतले, एसटीने दोन मिनिटांत ओकून टाकलं.

यवतमाळच्या गाडीत तिला बसवल्यावर आईने खिडकीची दांडी धरून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. नवीन शाळा, मास्तर, मास्तरीण, गणित, डबा, टायर, ड्रायव्हर, सगळे आले त्यात. ड्रायव्हरने स्वतःचं नाव निघाल्यावर स्टेअरिंगवरचे हात खाली घेतले आणि ‘आमेन’ झाल्याशिवाय गाडी हलवली नाही.

संध्याकाळी भाची आली ती बडबडतच. बाजूच्या बाकावरच्या पोरीचंही सकाळपासून पोट दुखत होतं. दोघींनी मिळून एक डबा मधल्या सुट्टीत आणि दुसरा त्याच्या आधीच, तासाला, संपवला होता.

“भेटला अहरोन,” आई म्हणाली आणि ओव्याची बरणी फळीवर ठेवायला गेली.

मी ती मागून घेतली. त्याच सकाळी माझीही शाळा उघडली होती : पटसंख्या, पोषण आहाराचा तांदूळ, मुलांचे आधार क्रमांक, ऑनलाइन भरायची माहिती. त्यासाठी कोणी खिडकीची दांडी धरली नव्हती. तेव्हा मंडळींना एक विनंती आहे. पुढच्या जूनमध्ये लेकरांसाठी प्रार्थना कराल, तेव्हा ‘आमेन’च्या आधी मास्तरांचंही नाव घ्या. आम्हाला तर उलट दिशेच्या गाडीचाही पास नाही.