सहातला एक

प्रत्येक सोसायटीत एक अध्यक्ष असतात, एक सेक्रेटरी असतात, पार्किंगवरून भांडणारे दोघे असतात आणि एक मीटरकाका असतात. पहिले दोघे निवडून येतात, पार्किंगवाले आपोआप तयार होतात. मीटरकाकांना मात्र कुणी नेमलेलं नसतं आणि कुणी काढूही शकत नाही. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. हातातल्या पिशवीत मल्टिमीटर आणि त्याच्या दोन वायरी, एक लाल, एक काळी, जुन्या चष्म्याच्या घरात नीट गुंडाळून ठेवलेल्या. चष्मा स्वतः मात्र कुठे ठेवलाय ते काकूंना विचारावं लागतं.

मीटरकाका इलेक्ट्रिशियन नसतात. इंजिनिअर तर नसतातच. सोसायटीतले इंजिनिअर फ्यूज उडाला तरी मोबाइल काढून माणूस बोलावतात. मीटरकाका पाटबंधारे खात्यातून, एखाद्या शाळेतून किंवा बँकेतून निवृत्त झालेले असतात. आमच्या बी विंगचे मीटरकाका बँकेच्या कर्जवसुलीतले. कर्ज 'बुडालं' एवढ्यावर ज्यांनी नोकरीत कधी फाइल मिटवली नाही, त्यांचं वस्तू 'बंद पडली' एवढ्यावर कसं समाधान व्हावं? त्यांच्यापुढे जाऊन "काका, व्हॅक्यूम क्लीनर मेला" असं म्हटलं की ते खुर्चीत सावरून बसतात आणि विचारतात, "मेला म्हणजे नेमकं काय होतंय?" चेहऱ्यावर सहानुभूती असते, पण डोळ्यांत लपवता न येणारा आनंद असतो.

मधली काही वर्षं त्यांची फार वाईट गेली. इस्त्रीचं एलिमेंट, मिक्सरचे कार्बन, पंख्याचा कंडेन्सर हा त्यांचा सुवर्णकाळ. चार स्क्रू काढले की वस्तू मनातलं सगळं सांगायची. मग कंपन्यांनी स्क्रूच काढून टाकले. प्लॅस्टिकच्या खाचा एकमेकींत अडकवलेल्या, आणि चुकून स्क्रू असलाच तर त्याचं डोकं चांदणीच्या आकाराचं. काकांनी चांदणीचे पाने आणले, खाचा उचकटायला गिटारची पट्टी आणली (नातू गिटार शिकतो, आता बोटांनीच वाजवतो), पण उघडायला घरात काही येईना. तेवढ्यात लॉकडाऊन लागला, कामवाल्या मावशी येईनाशा झाल्या आणि ज्यांनी जन्मात केर काढला नव्हता त्यांनी कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर मागवले. लिथियमच्या सेलचं आयुष्य काहीशे चार्जिंगचं. तिसऱ्या-चौथ्या दिवाळीच्या साफसफाईला एकेक यंत्र हात टेकू लागलं आणि काकांच्या बेलला पुन्हा काम आलं.

तपासाला एक ठरलेला क्रम आहे आणि तो मोडलेला त्यांना खपत नाही. खालच्या मजल्यावरच्या मुलाने आल्या आल्या सांगून टाकलं, "काका, बॅटरी गेलीय."

"कोण म्हणालं?"

"सर्व्हिस सेंटर. नवी टाका म्हणाले. मशीनच्या निम्म्या किमतीला आहे."

"त्यांनी उघडून पाहिली?"

"नाही, फोनवर सांगितलं."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी चहा टाकायला घेतला. आता हा मुलगा लवकर सुटत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं.

पहिला प्रश्न: बटण दाबल्यावर यंत्र सुरूच होत नाही, की होऊन बंद पडतं, की थांबत-थांबत चालतं? थांबत-थांबत असेल तर बॅटरीचा काही संबंध नाही, फिल्टर तुंबलाय. पुण्यात घराघराला पुट्टी घासून रंग काढायची हौस, आणि पुट्टीचा तो पिठासारखा गाळ फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसला की हवेला वाट राहत नाही. मोटर तापू नये म्हणून यंत्र स्वतःच अडखळायला लागतं. फिल्टर धुवायचा, एक दिवस पूर्ण वाळवायचा, ब्रशच्या रुळाला गुंडाळलेले केस कात्रीने कापून काढायचे, की बहुतेकदा यंत्र ठणठणीत. असं झालं की मालक खूश होतो आणि काकांचा चेहरा पडतो. "चालू झालं? बरं झालं," ते म्हणतात, आणि मागोमाग, "तरी एकदा उघडून पाहिलं असतं."

दुसरा प्रश्न चार्जरचा. चार्जरवरची बारीक अक्षरं काका भिंगातून मोठ्याने वाचतात. अमेरिकेतल्या मुलाने बॅगेत घालून आणलेलं यंत्र असेल तर आणखी मोठ्याने. 'इनपुट १०० ते २४०' असेल तर ठीक. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात त्याने एकदाच काय तो श्वास घेतलेला असतो. मग पिनेला मीटर लावायचं, यंत्राच्या पितळी टोकांवरची काजळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. एवढं करूनही काही झालं नाही, की काका बाह्या सरसावतात. बॅटरी निर्दोष असण्याची शक्यता संपलेली असते.

तिसऱ्या प्रश्नाला खालच्या मुलाने जे उत्तर दिलं त्यावर काका उभेच राहिले. "चार्जिंग किती वेळात पूर्ण होतं?"

"पूर्वी चार तास लागायचे. आता पंधरा मिनिटांत फुल दाखवतं. आणि दहा सेकंदांत बंद."

"पंधरा मिनिटांत!" काका म्हणाले. "लेका, आनंद कसला मानतोस? एवढ्या लवकर भरतंय म्हणजे भांडंच उरलेलं नाही."

आणि मग जेवणाच्या टेबलावर 'सकाळ'चा जुना अंक पसरला गेला. अंगठी काढली, घड्याळ काढलं. धातूची वस्तू दोन टोकांवर आडवी पडली तर ठिणगी उडते आणि अंगठी बोटावरच लाल होते. गिटारची पट्टी खाचेत गेली, कट्ट आवाज झाला आणि पॅक उघडला. आत सहा गुबगुबीत नळकांडी, निळं प्लॅस्टिक गुंडाळलेली, टोकांना निकेलच्या पट्ट्यांनी जोडलेली. "अठरा-सहाशे-पन्नास," काका म्हणाले. अठरा मिलिमीटर जाडी, पासष्ट मिलिमीटर लांबी आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल, असा त्या १८६५० चा अर्थ. प्रत्येक सेल ३.६ व्होल्टचा, सहा एकापुढे एक जोडले की २१.६, आणि पूर्ण भरले की २५.२. खालच्या मुलाने उत्साहाने स्वतःच मीटर लावलं तर पडद्यावर डाव्या कोपऱ्यात नुसता एक आकडा. "काका, एकच व्होल्ट!" काकांनी काही न बोलता मीटरची चकती वीसवरून दोनशेवर फिरवली. बँकेत नवीन आलेल्या पोराकडे ते असंच पाहत असतील.

एकेका सेलला लाल-काळी टोकं लागली. ४.१. ४.१. ४.१. ३.५. ४.१. ४.१.

"सापडला," काका म्हणाले. "बॅटरी मेली म्हणे! मेलाय तो सहातला एक."

पण काका आरोपपत्र एवढ्यावर दाखल करत नाहीत. बसल्या जागी सगळेच सेल सज्जन असतात, खरा स्वभाव काम सांगितल्यावर कळतो, हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते म्हणताना नजर कधीकधी व्यवस्थापक समितीच्या खिडकीकडे जाते. त्यांनी जुन्या स्कूटरचे बारा व्होल्टचे दोन दिवे एकापुढे एक जोडून ठेवलेत. ते पॅकला लावले. दिवे लागले, पाच सेल थोडेसे वाकून उभे राहिले आणि चौथा बघता बघता दोनच्या खाली कोसळला.

"दहीहंडी पाहिलीस ना? सहा थर लागलेत. पाच थरांतले गोविंदा पैलवान आहेत, चौथ्या थरातल्याचा गुडघा थरथरतोय. हे हिरवं बोर्ड बघ, बीएमएस. त्याचं काम एवढंच, कुणाचाही गुडघा वाकला की शिट्टी वाजवून सगळ्यांना खाली उतरवायचं. तुझं यंत्र दहा सेकंदांत बंद पडतं ते मोटर थकते म्हणून नाही, बोर्ड शहाणं आहे म्हणून. आणि चार्जिंग पंधरा मिनिटांत का होतं? बाकीचे पाच आधीच भरलेत. ते ४.२ ला पोचले की बोर्ड पुन्हा शिट्टी वाजवतं. दुबळा राहतो उपाशीच."

इतकी स्वच्छ उकल मी कुठल्या सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकलेली नाही. निदानात मीटरकाका सहसा चुकत नाहीत. अडचण निदानानंतर सुरू होते.

कारण मीटरकाकांना तत्त्वं असतात. एकच सेल बदलावा तर जुन्या पाचांत नवा एक जुळत नाही, थोड्याच दिवसांत पुन्हा थर हलतो; म्हणजे सहातला एक मेला म्हणून सहाही बदलायचे. सेल स्वस्तातले घ्यायचे नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत, ९९०० एमएएच लिहिलेला सेल दिसला की काका दुकानदाराला तिथेच सांगतात, की या आकाराच्या सेलमध्ये फार तर ३५०० च्या आसपास बसतात, बाकीचे तुम्ही कुठे कोंबलेत ते दाखवा. दुकानदार म्हणतो, "काका, घ्यायचं तर घ्या." काका पिशवीतून काकूंचा केक मोजायचा काटा काढतात. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. हा निघतो त्याहून कितीतरी हलका. मागे रांग लागते. दुकानदार त्यांना आता लांबूनच पाहून "माल संपला" म्हणतो.

पुढचं तत्त्व सोल्डरचं. सेलला थेट सोल्डर लावायचं नाही, उष्णतेने आतला पडदा खराब होतो. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनेच जोडायच्या. स्पॉट वेल्डिंगचं यंत्र काकांकडे नाही. काकूंनी त्या एका खरेदीला निर्वाणीचा विरोध केलाय. मग ई-बाइकच्या बॅटऱ्या बांधणारा एक पोरगा शोधलेला आहे, तो 'उद्या या' म्हणतो, आणि काका उद्या जातात. बरं, काही पॅकमधलं बोर्ड सेलपासून एकदा सुटलं की स्वतःला कायमचं कुलूप लावून घेतं. तेव्हा सहा अस्सल सेल, सुबक वेल्डिंग आणि मुडदा पडल्यासारखं बोर्ड असं त्रिकूट टेबलावर पसरतं आणि काकू जेवणाची ताटं कट्ट्यावर वाढतात.

मीटरकाकांचा एक चुलत प्रकारही हल्ली वाढलाय, त्याच्यापासून जपून राहावं. हा तिशीतला, व्हिडिओ पाहून शिकलेला. पूर्ण उतरलेल्या सेलला दुसऱ्या बॅटरीचा 'झटका' देऊन जिवंत करतो. निकेल-कॅडमियमच्या जमान्यात असले उद्योग चालून गेले. लिथियमचा सेल दोन व्होल्टच्या खाली फार दिवस पडून राहिला तर आतलं तांबं विरघळू लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना तेच आत शॉर्ट करू शकतं. काका असा सेल हातात घेतात, टोकांना चिकटपट्टी लावतात आणि बाल्कनीतल्या वाळूच्या डब्यात वेगळा ठेवतात. फुगलेल्या किंवा न वापरता गरम लागणाऱ्या पॅकला तर ते गिटारची पट्टी लावतच नाहीत. तेवढ्यापुरती त्यांची उघडण्याची हौस कुठे जाते कोण जाणे. घंटागाडीत बॅटरी टाकणाऱ्याला ते जिन्यात अडवतात: गाडीत कचरा दाबला जातो, सेल चिरडला तर पेट घेतो, आणि २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे, ठाऊक आहे का? ज्याच्या हातात कचऱ्याची गळकी पिशवी आहे त्याला त्या क्षणी ठाऊक असण्याची इच्छा नसते.

लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर अडकलात तर 'पूर्ण उतरवून मगच चार्ज करावं' या समजुतीचं खंडन ऐकायला मिळेल. ती सवय निकेल-कॅडमियमची, दाढीच्या जुन्या मशीनची. लिथियमला उपास सोसत नाही. गावाला जाताना अर्धं भरून, गॅसजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत न टांगता सावलीत ठेवावं. हे सगळं खरं आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकायला बरंही वाटतं.

मोडक्या पॅकमधले पाचही बरे सेल वाया जात नाहीत. बी विंगमध्ये आज असं घर नाही जिथे काकांनी दिलेला, औषधाच्या बाटलीत बसवलेला टॉर्च नाही. वीज गेली की आमच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या उजळतात आणि सगळ्या घरांत केर मात्र कुंच्याने काढलेला असतो.

खालच्या मुलाचं यंत्र अजून काकांकडेच आहे. परवा तो भीतभीत विचारायला आला. काका बोर्डावर भिंग धरून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "घाई करू नकोस. ही लिथियमची बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, आणि तिच्यासाठी नोबेल मिळालं २०१९ मध्ये. तिघांतले ते जॉन गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते. मी आत्ता कुठे एक्काहत्तर."

काकू आतून कुंचा घेऊन आल्या आणि तो मुलाच्या हातात देत म्हणाल्या, "हा ने तोवर. आणि सव्वीस वर्षांनी एक चक्कर टाक."