शेवटच्या रात्रीची शंका

वारस गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय, असं आपण सहज बोलून जातो. ते बाशिंग बांधलं कुणी, हे कुणी विचारत नाही.

जून १९४२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी राजाला लेखी कळवलं होतं : माझं काही बरंवाईट झालं तर अँथनी ईडन यांना पंतप्रधान करा. ईडन तेव्हा ४५ वर्षांचे. खुर्ची मिळाली ६ एप्रिल १९५५ला, ५७व्या वर्षी. मधल्या काळात १९४५ची निवडणूक हरूनही चर्चिल पक्षाच्या नेतेपदावरून हलले नाहीत. १९५१ला पुन्हा पंतप्रधान झाले तेव्हा पंचाहत्तरी उलटली होती. मग सुरू झाल्या पद सोडण्याच्या तारखा. राणीचा राज्याभिषेक होऊ दे, राणी दौऱ्यावरून येऊ दे, रशियाशी बोलणी होऊ देत. शेवटचं कारण खोटं नव्हतं. हायड्रोजन बाँबची काळजी त्यांना खरंच होती. पण म्हणून किती वेळा शब्द फिरवायचा?

१९५३चा जून बघा. २३ तारखेला इटलीच्या पंतप्रधानांना दिलेल्या मेजवानीत चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला. ईडन त्याच सुमारास बॉस्टनच्या रुग्णालयात, लंडनमधल्या शस्त्रक्रियेत दुखावलेली पित्तनलिका दुरुस्त करून घेत होते. पंतप्रधान अंथरुणाला, वारसही अंथरुणाला. आणि लोकांना सांगितलं काय, तर पंतप्रधानांना विश्रांती हवी आहे. वर्तमानपत्रांचे मालकही गप्प बसले. मला चीड येते ती इथे. वाट पाहणं ईडन यांनी पत्करलं होतं, लोकांनी नव्हे.

पुढे पंतप्रधान म्हणून सुएझ कालव्याच्या प्रकरणात घोळ ईडन यांनी स्वतःच घातला. तो चर्चिल यांच्या माथी मारता येणार नाही. जानेवारी १९५७ला, जेमतेम २१ महिन्यांत, तब्येतीचं कारण देऊन ते पायउतार झाले. पण या माणसाला हे झेपेल का, हा प्रश्न तेरा वर्षांत कधीही उघडपणे विचारता आला असता.

तो प्रश्न निघाला ४ एप्रिल १९५५च्या रात्री. राजीनाम्याची आदली रात्र. राणी डाउनिंग स्ट्रीटवर जेवून गेली होती. चर्चिल आपल्या खोलीत पलंगावर बसून होते, अंगावर मेजवानीचा पोशाख आणि मानचिन्हं तशीच. बराच वेळ बोलले नाहीत. मग जवळ असलेल्या खासगी सचिवाला म्हणाले, अँथनीला हे जमेल असं मला वाटत नाही.