व्होल्गाकाठचा दुसरा नंबर

व्होल्गोग्राडच्या ‘रोटर’ या फुटबॉल क्लबाचं मूळ दुखणं म्हणजे त्याचं गाव. हे गाव आधी त्सारित्सिन होतं, 1925 साली स्टालिनग्राड झालं आणि 1961 साली व्होल्गोग्राड. मधल्या नावाच्या काळात तिथे जे घडलं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. ज्या गल्लीबोळांत हिटलरची सेना अडकली आणि महायुद्धाचं पारडं फिरलं, त्याच गावात अकरा जणांनी चेंडूला लाथा मारून नाव काढायचं, हे काम अवघडच. थोरला भाऊ हिंदकेसरी असलेल्या घरात धाकट्यानं कॅरमचा चषक आणावा, तशी या क्लबाची गत. चषक दिसेल अशी फळीच घरात रिकामी नाही.

क्लबाचा जन्म 1929 चा, तिथल्या ट्रॅक्टर कारखान्याच्या छायेतला. गाव नाव बदलत होतं, तेव्हा क्लबानं तरी मागे का राहावं? ट्रॅक्टर, टॉर्पेडो, पुन्हा ट्रॅक्टर, मग स्ताल म्हणजे पोलाद, मग बारिकादी आणि शेवटी 1975 साली रोटर. यंत्रं झाली, शस्त्रं झाली, लोखंड झालं, पण पायाला हलकं वाटेल असं एकही नाव कुणाला सुचलं नाही. तरीही 1939 साली हा ट्रॅक्टर सोव्हिएत लीगमध्ये चौथा आला. मॉस्कोच्या बड्या संघांच्या गर्दीत एका कारखान्याच्या संघानं चौथं यावं, ही गंमतच होती. पुढे त्या कारखान्यातून ट्रॅक्टरऐवजी रणगाडे बाहेर पडू लागले आणि फुटबॉल आपोआप बाजूला पडला.

या संघाचा माझा सर्वांत आवडता सामना कुठल्याच लीगमध्ये मोजलेला नाही. लढाई संपली 2 फेब्रुवारी 1943 ला. बरोबर तीन महिन्यांनी, 2 मे रोजी, या गावात फुटबॉलचा सामना झाला. गाव म्हणजे तेव्हा विटांचे ढीग होते. दक्षिणेकडचा बेकेतोव्का भाग त्यातल्या त्यात उभा होता. तिथलं ‘अझोत’ नावाचं मैदान साफसूफ केलं गेलं, मॉस्कोहून स्पार्ताकचा संघ विमानानं आणला गेला आणि समोर उभा राहिला ‘दिनामो स्टालिनग्राड’. नाव दिनामो असलं तरी खेळाडू बहुतेक जुन्या ट्रॅक्टरचेच. सामन्याचा चेंडू लढाऊ विमानातून मैदानावर टाकला, असं सांगतात. मला प्रश्न पडतो तो प्रेक्षकांचा. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत विमानातून काही पडताना दिसलं की ही माणसं तळघरात पळत असणार. त्या दिवशी ती मान वर करून हसली असतील, की सवयीनं खाली वाकली असतील? सामना स्टालिनग्राडनं 1-0 असा जिंकला. घर नाही, रस्ता नाही, पाण्याची सोय जेमतेम, आणि स्पार्ताकला हरवलं! गुणतक्त्यात याची नोंद शून्य.

गुणतक्त्यात नोंद होईल असं काही करायची वेळ आली ती थेट सोव्हिएत संघ मोडल्यावर. नव्या रशियन लीगमध्ये रोटर एकदम मोठा झाला. 1993 साली दुसरा. 1995 साली रशियन कपाच्या अंतिम फेरीत, आणि तिथे दिनामो मॉस्कोकडून पेनल्टी किकवर 8-7 असा पराभूत. 1996 साली तिसरा. आणि मग 1997. शेवटच्या फेरीत गंमत अशी जुळली की पहिल्या नंबरवर स्पार्ताक, दोनच गुण मागे रोटर, आणि सामना या दोघांचाच, तोही व्होल्गोग्राडमध्ये. जिंकलं की विजेतेपद. कागदावर याहून सोपं काही लिहिता आलं नसतं. स्पार्ताक 2-0 असा जिंकला आणि चषक घेऊन मॉस्कोला गेला. विटांच्या ढिगाऱ्यात ज्यांना हरवलं, त्यांच्याकडून धडधाकट स्टेडियममध्ये, चांगल्या हिरवळीवर हार पत्करली. ज्या सामन्याला गुण नसतात तिथे या गावाचा हात, म्हणजे पाय, धरणारा कुणी नाही.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत मँचेस्टर युनायटेडची लाल जर्सी घालून फिरणारी पोरं पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे रोटरचं नाव काढलं तर बरीचशी पंख्याच्या मोटरबद्दल बोलतोय असं समजतील. वयानं जरा मोठा असलेला एखादा भक्त मात्र गप्प होईल. 1995 च्या सप्टेंबरात युएफा कपाच्या पहिल्या फेरीत रोटर आणि युनायटेड भेटले. व्होल्गोग्राडला 0-0. परतीच्या सामन्यात ओल्ड ट्रॅफर्डवर पाव तास उलटत नाही तोच निदरगाऊसनं गोल केला आणि चोविसाव्या मिनिटाला ओलेग वेरेतेन्निकोव्हनं दुसरा. युनायटेडच्या स्कोल्सनं एक फेडला. एक मिनिट उरलं असताना युनायटेडचा गोलरक्षक पीटर श्मायकेल आपलं घर उघडं टाकून थेट समोरच्या गोलापाशी आला आणि कॉर्नरवर डोकं लावून त्यानं 2-2 केले. गोलरक्षकानं गोल करावा, तोही शेवटच्या मिनिटाला! एरवी अशा गोष्टीचा सिनेमा निघतो. पण परक्या मैदानावरच्या गोलांना जास्त वजन द्यायचा तेव्हाचा नियम रोटरच्या बाजूनं उभा राहिला आणि युनायटेड स्पर्धेबाहेर गेलं. युरोपीय स्पर्धांमध्ये घरच्या मैदानावर कधीच न हरण्याचा त्यांचा जुना विक्रम मात्र श्मायकेलच्या डोक्यामुळे शाबूत राहिला. म्हणजे विक्रम त्यांना आणि पुढची फेरी रोटरला. पुढच्या फेरीत झिदानच्या बोर्दोनं रोटरला दोन्ही सामन्यांत हरवलं, ते आपण घाईनं वाचून पुढे जाऊ.

या वेरेतेन्निकोव्हबद्दल दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत. 1995, 1997 आणि 1998, तीन वेळा तो रशियन लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. लीगमध्ये 140 हून जास्त गोल. पुढची वीसेक वर्षं कुणी त्याच्या पुढे गेलं नाही. आणि रशियाच्या राष्ट्रीय संघाकडून सामने किती? चार. रोटरचा खेळाडू शोभावा तर असा.

उतार लागला तो नेहमीसारखाच: पैशांची ओढाताण, चांगले खेळाडू गेलेले, 2004 साली पहिल्या श्रेणीतून घसरण आणि लगेच व्यावसायिक परवान्यावरच गदा. क्लबाचं नाव मग राखीव संघानं खालच्या श्रेणीत नेऊन जगवलं.

त्यात 2018 चा विश्वचषक आला आणि गावाला पंचेचाळीस हजारांचं झगझगीत स्टेडियम मिळालं. जागा ममायेव टेकडीच्या पायथ्याची. वर 85 मीटर उंचीची मातृभूमीची मूर्ती तलवार उगारून उभी. पाहुण्या संघाला दडपण यायला आणखी काय हवं? पाया खणताना न फुटलेले बॉम्ब निघाले, म्हणजे थोरल्या भावानं इथेही हजेरी लावलीच. प्रत्यक्ष स्पर्धेत चार सामने झाले. इंग्लंड-ट्युनिशिया सामन्यात व्होल्गाकाठच्या चिलटांनी खेळाडूंच्या नाकातोंडात शिरून असा काही उच्छाद मांडला की आधी केलेल्या फवारणीचा काही उपयोग झाला असेल असं वाटेना. तरी इंग्लंडच्या हॅरी केननं दोन गोल घातले. यजमानांच्या बाजूनं त्या दिवशी चिलटंच काय ती खेळली.

2020 साली करोनामुळे दुसऱ्या श्रेणीची लीग मध्येच थांबली. त्या क्षणी तक्त्यात सर्वांत वर रोटर. पहिला नंबर आला तोही असा, स्पर्धा पुरी न होता! बढती मिळाली. त्या सुमारास गावाचं घड्याळही मॉस्कोच्या एक तास पुढे होतं. 2018 साली लोकांनी मतदान करून तसं ठरवलं होतं. डिसेंबर 2020 मध्ये मन बदललं आणि काटा पुन्हा मॉस्कोबरोबर आला. रोटरचा काटाही फार काळ वर राहिला नाही. 2021 साली तो दुसऱ्या श्रेणीत उतरला, 2022 साली तिसऱ्या. स्टेडियम मात्र होतं तिथेच होतं. त्यामुळे झालं काय, तर कधी नावही न ऐकलेल्या गावांचे संघ, जिथे हॅरी केननं गोल घातले त्याच जाळीत आपलाही एखादा जाईल, या उमेदीनं व्होल्गोग्राडची तिकिटं काढू लागले.